सुकं लाकूड

नवऱ्याला 'अहो' म्हणायचं आणि त्या दोन अक्षरांत सगळ्या जगाची तुच्छता भरायची, ही कला बूटवालीला साधली होती. 'अहो, जेवायला चला' हे ती अशा सुरात म्हणे, की दारात आलेल्या कुत्र्यालासुद्धा लोक यापेक्षा गोड बोलावतात असं ऐकणाऱ्याला वाटावं. नवऱ्यावर त्याचा काडीचा परिणाम होत नसे. गेंड्याची कातडी होती त्याची. या घरात तेवढी एकच कातडी कामाला येत नाही, असं ती म्हणायची.

त्याच्याकडे एक म्हातारी, खडखडणारी गाडी होती. पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा शहाण्या लोकांनी आपापल्या गाड्यांवर ताडपत्री घातली आणि ते पायी चालायला लागले. त्यामुळे बूटवालीचा धंदा वाढला, हे सांगायला नको. नवऱ्यानेही निमूटपणे ताडपत्री घातली असती तर घरात चार शब्द कमी झाले असते. पण स्वस्थ बसेल तो नवरा कसला! त्याने कुठूनतरी ऐकलं, की लाकूड थोड्या हवेत, कोंडून जाळलं तर त्यातून गॅस निघतो आणि त्या गॅसवर गाडीचं इंजिन चालतं. झालं. त्या दिवसापासून त्याची तहानभूक हरपली.

मोडीत निघालेल्या बॉयलरची टाकी त्याने गाडीच्या मागे उभी केली. खाली जाळी, मध्ये भट्टी, वर लाकडं भरायचं झाकणाचं पिंप, शेजारी राख आणि काजळी अडवणारी गाळणी, आणि तिथून गाडीच्या पोटाखालून इंजिनापर्यंत गेलेली नळी. गाडी आधीच कुरूप होती. आता ती पाठीला चूल बांधून घर सोडून निघालेल्या बाईसारखी दिसायला लागली. सुरू करायची म्हणजे आधी भट्टी पेटवायची, हाताने पंखा फिरवत बसायचं, नळीच्या तोंडाशी काडी धरून गॅस पेटतोय का ते बघायचं, आणि ज्योत स्थिर झाली की मग इंजिन. तेवढ्या वेळात माणूस चालत बाजारात जाऊन भाजी घेऊन परत येई. बूटवाली मुद्दाम तसं करून दाखवी, आणि पिशवी त्याच्या डोळ्यांसमोरून हलवत नेई.

सपाटीवर गाडी बरी चाले. चढ आला की तिचा जीव जाई. आणि लाकूड जरा दमट असलं, की गॅसबरोबर डांबर तयार होऊन इंजिनात चिकटे, आणि मग हा आठवडाभर कोपरापर्यंत काळा होऊन इंजिन उघडून बसे.

'लाकूडच खराब होतं,' तो म्हणायचा.

'नाचता येईना अंगण वाकडं,' ती म्हणायची.

गावाने त्याचं नाव 'धुरंधर' ठेवलं. त्याला ती स्तुती वाटली. यातच सगळं आलं.

बूटवालीचं काम म्हणजे नुसतं काम नव्हे, सांगून ठेवते, असं ती स्वतःच सांगत असे. दुकान बापाकडून आलेलं, हातातलं कसब बापाकडून आलेलं, जिभेची धार तिची स्वतःची. दुकानाच्या भिंतीवर खिळ्याखिळ्याला कलबुतं टांगलेली होती. कलबूत म्हणजे लाकडाचं पाऊल. गिऱ्हाइकाच्या पायाचं एकदाच माप घ्यायचं, तसं लाकूड कोरायचं, आणि मग जन्मभर त्या लाकडावर चामडं ताणून त्या माणसाचे बूट करायचे. 'पाय सकाळी एक सांगतो, संध्याकाळी एक. लाकूड शब्द फिरवत नाही,' असं तिचा बाप म्हणायचा. ते वाक्य तिने गाठीला बांधलं होतं. एखादं गिऱ्हाईक लंगडत आलं आणि बूट चावतो म्हणालं, की ती बूट कलबुतावर चढवून त्याच्या नाकासमोर धरी.

'बघा. कुठे चावतोय? पायाला सवय होऊ द्या.'

गिऱ्हाईक ओशाळून परत जाई. लाकडाशी कोण वाद घालणार?

मेलेल्या गिऱ्हाइकांची कलबुतंही ती टाकत नसे. ती मेजाखालच्या गोणीत जात. धुरंधरचा त्या गोणीवर फार दिवसांपासून डोळा होता. त्याच्या दृष्टीने ते बरोबरही होतं. इतकं कठीण, इतकं जुनं आणि इतकं खणखणीत सुकं लाकूड गावात दुसरीकडे कुठे नव्हतं, शिवाय तुकडे पिंपाच्या अगदी मापाचे.

'अगं, ही माणसं आता कुठे चालायला जाणार आहेत?' तो एकदा धीर करून म्हणाला.

'तुमच्यापेक्षा लांब पोचली ती,' बूटवाली म्हणाली. 'गोणीला बोट लावलंत तर त्या बोटाचं माप घ्यायची वेळ येणार नाही.'

दोघांना एकच मुलगी. तिचा डावा पाय जन्मतःच आत वळलेला. लहानपणी दोनदा ऑपरेशनच्या टेबलावर चढवून डॉक्टरांनी तो बराच सरळ केला, पण उजव्याच्या जोडीचा काही झाला नाही. तिची उंची वाढायची थांबली त्या वर्षी आजोबांनी तिच्या पायांचा एक कलबुतांचा जोड कोरला. ते त्यांच्या हातचं शेवटचं काम. तो जोड भिंतीवर नव्हता. कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेला असे. त्याच्यावर बूटवालीने लेकीचे तेव्हापासूनचे सगळे बूट केले: डाव्याचा तळ आतून उंच, टाच एका कडेने भरलेली, वरून बघणाऱ्याला काही कळू नये असे. बाजारातला कुठलाच बूट त्या पायात जात नसे. मुलगी त्या बुटांत शाळेत गेली, नर्सिंग शिकली, परीक्षा पास झाली. फार पूर्वी एकदा ती म्हणाली होती, 'आई, डावा जरा चावतोय गं.' बूटवाली म्हणाली, 'नवा आहे. सवय होईल.' मुलीने तो विषय परत काढला नाही. म्हणजे सवय झाली, असं बूटवालीने धरलं.

आता मुलीला चढावरच्या दवाखान्यात नोकरी लागली होती आणि सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं. पांढरे बूट सक्तीचे. दिवसभर वॉर्डात उभं राहायचं म्हणजे जुने, तळ उडालेले बूट चालणार नव्हते. बूटवालीने पांढरं चामडं कापलं, वरचा भाग शिवला, आणि शनिवारी तो कलबुतावर ताणायचं ठरवलं. एवढं झालं की लेक कुणाच्या नजरेत न येता ताठ उभी राहणार होती. बूटवालीच्या मनात या जगात दुसरं काही नव्हतं.

धुरंधरच्या मनात मात्र होतं. त्याच शनिवारी वाहन तपासणीचा साहेब येणार होता. माणसं भरलेली गाडी दवाखान्याचा चढ न थांबता चढली, तर उतारू न्यायची परवानगी मिळणार होती. गावात बातमी पसरली आणि फुकटची करमणूक बघायला चढाच्या पायथ्याशी ही गर्दी जमली. ज्यांनी उभ्या जन्मात कधी साधा दिवा दुरुस्त केला नाही, ते सगळे इंजिनाबद्दल बोलत होते.

'तू येतेस ना?' धुरंधरने सकाळी विचारलं.

'मला कामं आहेत,' बूटवाली म्हणाली. 'तुमचा धूर मी घरबसल्या बघते.'

गाडीत ती कधी बसली नव्हती. मुलगी मात्र बापाच्या शेजारी रोज बसायची, आणि आजही तीच पंखा फिरवायला गेली.

दुपारी पांढरा दोरा संपला म्हणून बूटवाली दुकानाला नुसती कडी लावून बाहेर पडली. तीन-चार दुकानं हिंडून बऱ्याच वेळाने परत येताना तिला शेजारचा घड्याळवाला भेटला. घड्याळवाल्याला स्वतःचं काम सोडून सगळ्या गावची वेळ ठाऊक असे, आणि वाईट बातमी सांगताना त्याचा चेहरा फार फुलायचा.

'वहिनी, चढली हो गाडी! धुरंधरांनी कमाल केली!'

'कोण ढकलत होतं?'

'कुणी नाही. आधी पायथ्याशीच बसली होती. रात्रीच्या पावसाने लाकडं भिजलेली, नुसता धूर. साहेब घड्याळ बघतोय, लोक पोट धरून हसतायत. मग आतलं सगळं ओलं उपसलं, कोळसा टाकला आणि वरून तुमच्या दुकानातली ती गोणी ओतली. कलबुतं हो! काय पेट घेतलाय! तुमचे ते जुने पोस्टमास्तर, बॅंडवाले, सगळे एका दमात चढ चढून गेले की!'

तो आपल्याच विनोदावर हसला. बूटवाली हसली नाही. रागाने तिचे कान तापले होते, पण डोकं अजून जागेवर होतं. मेलेली माणसं गेली तर गेली, त्यांना सोमवारी कामावर जायचं नव्हतं. ती दुकानात आली. मेजाखाली गोणी नव्हती. हात धुवून तिने कपाट उघडलं, कलबूत काढायला. कापड होतं, नीट घडी घातलेलं. आत काही नव्हतं.

तिने कपाटातलं सगळं खाली काढलं. मेजावरचं काढलं. भिंतीवरचं एकेक कलबूत उलटून पाहिलं, जणू लेकीचं पाऊल दुसऱ्या कुणाच्या मागे लपून बसलं असेल. मग ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि वाट बघायला लागली.

गाडी आली ती वरातीसारखी. काल नावं ठेवणारेच आज मागून टाळ्या पिटत येत होते. माणसांची ही जात बूटवालीला चांगली माहीत होती, बूट फुकट दुरुस्त केला की हेच लोक तिलाही ताई म्हणत. त्यांच्याकडे तिने एकदाच पाहिलं. तेवढ्याने बरेच जण पांगले.

धुरंधर उतरला. नेहमी हा माणूस लहानसहान पराक्रमही हात नाचवून सांगायचा. आज परवानगी मिळूनही तो गाडीच्या दाराला धरून उभा राहिला.

'झाकण उघडा,' ती म्हणाली.

'अजून गरम आहे. गॅस असतो आत, डोकं फिरेल.'

'ते लग्नापासूनच फिरलेलं आहे. उघडा!'

त्याने झाकण उघडलं आणि तिला हाताने मागे सारलं. उग्र, आंबट वास बाहेर आला. थोडं थांबून तिने चिमटा आत घातला. चढावर भट्टीने खालचं सगळं खाल्लं होतं. वर ओतलेलं शेवटचं तेवढं उरलं होतं. उजवं पाऊल निघालं, तपकिरी, तडकलेलं. मग डावं निघालं. ते पूर्ण काळं होतं, पण आकार जसाच्या तसा: आत वळलेला चवडा, आजोबांनी काळजीने कोरलेली टाच, सगळं. तिने ते कापडात धरलं. हातात घेतल्याबरोबर त्याचा भुगा झाला.

'माझ्या लेकीचं पाऊल जाळलंत,' ती म्हणाली.

'हो,' धुरंधर म्हणाला. 'चुकलं.'

इथेच तिने चमकायला हवं होतं. डांबर इंजिनाला पौष्टिक असतं असं भर चौकात सांगणारा हा माणूस, सगळ्या संसारात 'चुकलं' म्हणाला नव्हता. पण राग आंधळा असतो आणि तिचा तर जन्मांध होता.

'चढ चढलात म्हणे! मेलेल्यांच्या पायांनी चढलात! स्वतःच्या अकलेवर उंबरा तरी ओलांडलाय कधी? सोमवारी ती काय घालून उभी राहणार? तुमची गाळणी? बापाने माझ्या एवढं एक मागे ठेवलं होतं, तेही तुमच्या त्या भटक्या चुलीत घातलंत! सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही तुमचा. अहो, तुम्हाला...'

'आई, बाबांनी नाही. मी टाकलं.'

मुलगी गाडीच्या दारात बसली होती, पाय बाहेर सोडून.

'गोणी मी आणली. बाबा नको नको म्हणत होते. पण गाडी खोकत होती, आणि सगळे हसत होते. तू हसतेस ना, तसे.'

बूटवालीचा आवाज निघाला तो वेगळाच निघाला.

'तुझा जोड गोणीत नव्हता.'

'नव्हता. तो मी कपाटातून काढला.'

'का गं?'

मुलीने नुसता डावा पाय पुढे केला. पायात बूट नव्हता. बूट आत, गाडीच्या फळीवर पसरलेल्या पोत्यावर पडला होता. करंगळीच्या मुळाशी दगडासारखा घट्टा होता. टाचेवर जुनी जखम भरून पुन्हा सोलली होती, तीही एकदा नव्हे. अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलं होतं, आणि सगळा पाय, आजोबांनी पाहिला होता त्यापेक्षा, चांगलाच रुंद झाला होता. लेकीच्या पायांची बोटं बूटवालीने शेवटची कधी पाहिली होती? तिला आठवेना. ती रोज कलबूत पाहत होती.

'गाडीत बसली की ती बूट काढते,' धुरंधर हळू म्हणाला. 'खालून नळी जाते ना, फळी कोमट असते. शेक बसतो.'

'तुम्हाला माहीत होतं?'

'सांगू नका म्हणाली. आईच्या हातचं आहे, तिला वाईट वाटेल म्हणाली.'

बूटवाली गाडीच्या पायरीवर बसली. नवऱ्याच्या तोंडावर फेकण्याजोगं काहीतरी तिने मनात शोधलं, सवयच होती. काही सापडलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, हे ती त्याला उठता बसता ऐकवायची. आणि स्वतः ती इतकी वर्षं अख्ख्या गावाला, पोटच्या पोरीसकट, सांगत आली होती की बूट बरोबर आहे, पाय वाकडा आहे. तिला स्वतःची अशी किळस आली, जी तिला आजवर फक्त दुसऱ्यांची यायची.

तिने लेकीचा पाय मांडीवर घेतला. मुलीने तो मागे ओढला, मग राहू दिला.

'मापाची फीत आणा,' बूटवाली नवऱ्याला म्हणाली. 'आणि लाकूड. सुकं. तुम्हाला ओळखता येत असेल तर.'

त्याने गाडीच्या सीटखालून एक ओंडक्याचा तुकडा काढून आणला. अगदी अडीअडचणीसाठी ठेवलेला, कापडात गुंडाळलेला. आज पायथ्याशीसुद्धा त्याला त्याची आठवण झाली नव्हती. तिने तुकडा टकटक वाजवून पाहिला, नखाने रेघ ओढली, वास घेतला.

'हा होता तर गोणी कशाला जाळलीत?'

'विसरलो,' धुरंधर म्हणाला.

'विसरलात,' ती म्हणाली. नुसतं तेवढंच, पण त्याला बरं वाटलं, कारण आवाज ओळखीचा होता.

रविवारभर ती कोरत बसली. उजव्या पायाला भिंतीवरचं एक कलबूत तासून भागलं, खरं काम डाव्याचं होतं. डावा पाय समोर स्टुलावर, लाकूड हातात, आणि दर थोड्या वेळाने हात पायावरून फिरवून परत लाकडाकडे. पांढरा वरचा भाग उसवून पुन्हा शिवावा लागला. नव्या रुंदीला तो पुरत नव्हता. धुरंधर दारात बसून पांढऱ्या चामड्यावर काळी बोटं उमटू नयेत म्हणून हात मागे बांधून बघत होता. दुपारी एक गिऱ्हाईक आलं आणि नवा बूट चावतो म्हणालं. बूटवालीने सवयीने कलबुताकडे हात नेला, मग तो हात तिथेच राहिला. 'उद्या या,' ती खेकसली. 'मोजे काढून या.'

संध्याकाळी डावा बूटही तयार झाला. मुलीने तो घातला, उभी राहिली, दुकानात भिंतीपर्यंत जाऊन परत आली. पांढरा, ताठ, देखणा बूट. वरून बघणाऱ्याला काही कळणार नाही असा.

बूटवालीने उभ्या आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला विचारलं नव्हतं, ते तिला आता विचारायचं होतं.

'चावतो का?' ती शेवटी म्हणाली.

'नाही,' मुलगी लगेच म्हणाली. फार लगेच म्हणाली.

'खरं सांग.'

मुलीने बापाकडे पाहिलं, मग खाली बुटाकडे.

'थोडा.'

बूटवाली कानस घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसली.

'कुठे?' ती म्हणाली. 'बोट ठेवून दाखव.'